हात चालतोय तोवर : डॉक एलिसचं प्रकरण

व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्यांना घरच्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "पितो, पण कामाला एक दिवस दांडी नाही." सांगणाऱ्या बायकोच्या किंवा आईच्या आवाजात त्यात थोडा अभिमानही असतो. काम चालू आहे, पगार येतोय, म्हणजे गोष्ट अजून हाताबाहेर गेलेली नाही, अशी मनाची समजूत.

अमेरिकेतला बेसबॉलपटू डॉक एलिस हे त्या वाक्याचं मी पाहिलेलं सर्वांत टोकाचं उदाहरण आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, 12 हंगाम, 138 विजय, विश्वविजेत्या संघाचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. आणि त्याच्याच सांगण्यानुसार यातला एकही सामना तो अमली पदार्थांशिवाय खेळला नाही. त्याच्यावरचा 'नो नो : अ डॉक्युमेंटरी' हा माहितीपट जेफ रॅडिस यांनी केला आणि जानेवारी 2014 मध्ये तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. तो पाहिल्यापासून हे प्रकरण नीट मांडावं असं मनात होतं. खेळाडू आणि अधिकाऱ्यांची नावं सार्वजनिक नोंदीतली असल्यामुळे ठेवली आहेत. कुटुंबातल्या आणि मित्रपरिवारातल्या माणसांची नावं गाळली आहेत.

पार्श्वभूमी

जन्म 11 मार्च 1945, लॉस एंजेलिस. वाढला शेजारच्या गार्डीना या गावात. शाळेच्या बेसबॉल संघात खेळायला त्याने नकार दिला होता, कारण तिथल्या एका मुलाने त्याला वर्णावरून शिवी दिली होती. पुढे शाळेच्या स्वच्छतागृहात नशा करताना तो सापडला. शाळेने त्याच्यापुढे सौदा ठेवला : संघाकडून खेळ, म्हणजे काढून टाकणार नाही. तो मोजके सामने खेळला आणि तेवढ्यावर त्या विभागाच्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची निवड झाली.

या प्रसंगावर मी मुद्दाम थांबतो. मुलगा अजून शाळेत आहे. त्याच्या दोन गोष्टी एकदमच मोठ्यांच्या समोर आल्या आहेत : एक न्याय्य राग आणि एक सुरू झालेलं व्यसन. शाळेने दोन्हींकडे पाहिलं नाही, तिने त्याचा उजवा हात पाहिला. पुढची सोळा-सतरा वर्षं हाच सौदा वेगवेगळ्या माणसांनी त्याच्याशी पुन्हा पुन्हा केला.

1964 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला करारबद्ध केलं. खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये खेळताना प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या यायच्या. एकदा तो बॅट घेऊन थेट प्रेक्षकांत घुसला होता. 18 जून 1968 ला तो मेजर लीगमध्ये आला. या पोराचं नाव होणारच, असं सगळे म्हणत. त्या अपेक्षांचं ओझं पेलण्यासाठी गोळ्या घेत गेलो, असं त्याने पुढे सांगितलं आहे.

गोळ्यांबद्दल थोडं. त्या काळी ड्रेसिंग रूममध्ये अॅम्फेटामाइनचा सर्रास वापर होता. खेळाडू त्यांना 'ग्रीनीज' म्हणत. झोप उडते, थकवा जाणवत नाही, भीती मागे हटते. एलिस डेक्सामिल घ्यायचा. त्यात अॅम्फेटामाइनसोबत गुंगी आणणारं बार्बिट्युरेटही असे. सोबत दारू होती, कोकेन होतं. मेजर लीगने अॅम्फेटामाइनवर बंदी घालून चाचण्या सुरू केल्या त्या 2006 मध्ये. म्हणजे एलिस खेळत होता तेव्हा उत्तेजकांसाठी चाचणीसुद्धा होत नव्हती.

12 जून 1970

आपल्या वाचकांसाठी आधी खेळाचं सांगतो. बेसबॉलमधला पिचर म्हणजे साधारण आपला गोलंदाज. संपूर्ण नऊ डाव टाकून प्रतिस्पर्ध्याला एकही 'हिट', म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठणं, मिळू दिली नाही, तर त्याला 'नो-हिटर' म्हणतात. कुंबळेने 1999 मध्ये दिल्लीत घेतलेल्या दहा बळींइतकी ही गोष्ट दुर्मिळ नाही, पण बहुतेक पिचरना ती जन्मात एकदाही साधत नाही.

एलिसला ती साधली. सॅन डिएगोत, पाद्रेस संघाविरुद्ध, 2–0. त्याने सांगितलेली हकीकत अशी : सुट्टी आहे असं समजून तो लॉस एंजेलिसला एका मित्राकडे गेला होता. दिवसांचा हिशेब चुकला. दुपारी त्याने एलएसडी हे भास निर्माण करणारं अमली द्रव्य घेतलं. मग मित्राच्या मैत्रिणीने वर्तमानपत्रात वाचून सांगितलं, अरे, आज तर तुला खेळायचंय. विमान पकडून तो संध्याकाळच्या सामन्याला पोचला आणि वर ग्रीनीज घेतल्या. चेंडू कधी मोठा दिसायचा, कधी लहान. कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून खुणा करणारा आणि चेंडू झेलणारा सहकारी, धड दिसत नव्हता. त्याच्या बोटांवरच्या चमकत्या पट्ट्यांवरून खुणा ओळखाव्या लागत होत्या. त्या दिवशी त्याने 8 वॉक दिले, म्हणजे आठ वेळा चेंडू इतके भरकटले की फलंदाज आयताच पहिल्या बेसवर गेला. एका फलंदाजाला तर चेंडू लागलाही. तरी हिट एकही नाही.

त्या संध्याकाळी कोणाला काय कळलं असेल ते असो, निकाल ऐतिहासिक होता आणि प्रश्न विचारायला कारण उरलं नव्हतं. 1976 मध्ये आलेल्या त्याच्या चरित्रात एलएसडीच्या जागी वोडका लिहिली गेली, कारण तो अजून खेळत होता. खरी गोष्ट त्याने 1984 मध्ये पिट्सबर्गच्या एका पत्रकाराला सांगितली. तेव्हा त्याला सोबर, म्हणजे नशामुक्त, होऊन चार वर्षं झाली होती.

जगभर ही हकीकत विनोदी किस्सा म्हणून फिरते. 2008 मध्ये त्याने रेडिओसाठी दिलेल्या मुलाखतीवरून पुढच्या वर्षी एक छोटी अॅनिमेशन फिल्म झाली आणि ती इंटरनेटवर प्रचंड चालली. मी तीही पाहिली आहे, हसलोही आहे. पण स्वतः एलिस म्हणायचा की त्या नशेने आयुष्यातली सर्वांत मोठी आठवण आपल्याकडून हिरावून घेतली. पंचवीस वर्षांच्या तरुणाने कारकिर्दीतलं शिखर गाठलं आणि तो शुद्धीत तिथे नव्हताच.

नेमका प्रश्न काय होता

वरवर पाहिलं तर उत्तर सोपं आहे : प्रतिभावान खेळाडू, व्यसन. पण एवढंच असतं तर हे प्रकरण अभ्यासाला घेतलं नसतं. अडचण ही की डॉक एलिस बोलायचा. मोठ्याने, पत्रकारांसमोर, वर्णभेदावर बोलायचा आणि बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबर असायचं.

1971 हे त्याचं सर्वोत्तम वर्ष. 19 विजय, 9 पराभव. मेजर लीगच्या दोन विभागांतल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात समोरच्या अमेरिकन लीगकडून व्हिडा ब्लू पिच करणार हे ठरलेलं होतं. एलिस जाहीरपणे म्हणाला, समोर एक काळा पिचर असताना आपल्या बाजूनेही काळ्या पिचरला सुरुवात करू देणार नाहीत. गदारोळ झाला आणि शेवटी सुरुवात त्यालाच मिळाली. 13 जुलैच्या त्या सामन्यात रेजी जॅक्सनने त्याचा चेंडू डेट्रॉइटच्या स्टेडियमच्या छतापर्यंत भिरकावला, एलिसचा संघ सामनाही हरला. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. पण त्याच सुमारास त्याला एक पत्र आलं. ते होतं जॅकी रॉबिन्सन यांचं, 1947 मध्ये मेजर लीगमधली वर्णाची भिंत ओलांडणाऱ्या खेळाडूचं. तुझ्या धैर्याची मला कदर आहे, हे सगळं करण्यात अर्थ आहे का असं तुला कधी कधी वाटेल, पण अर्थ आहे, असा त्या पत्राचा आशय. माहितीपटात एलिस ते पत्र वाचतो आणि त्याचा आवाज भरून येतो. संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत जवळचा वाटलेला क्षण तोच.

त्याच वर्षी 1 सप्टेंबरला पायरेट्सने मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदा संपूर्ण काळ्या आणि लॅटिन अमेरिकी खेळाडूंचा संघ मैदानात उतरवला. रॉबेर्तो क्लेमेंते, विली स्टार्जेल, मॅनी सँग्युयेन होते आणि पिचर होता एलिस. त्या मोसमात संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाही जिंकली. मैदानाबाहेर तो सिकलसेल आजारावरच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून फिरत होता, पिट्सबर्गच्या तुरुंगातल्या कैद्यांसाठी काम करत होता. सिकलसेल म्हणजे काय हे विदर्भातल्या, गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारच्या वाचकाला सांगायला नको. अमेरिकेत हा आजार मुख्यतः काळ्या लोकांत दिसतो आणि म्हणूनच तो दुर्लक्षित होता.

आता 5 मे 1972 चा प्रसंग पाहा. सिनसिनाटीच्या स्टेडियमच्या दारात सुरक्षारक्षकाने एलिसच्या तोंडावर मिरचीसारखा झोंबणारा फवारा मारला. एलिस म्हणाला, मी खेळाडू आहे हे पटवायला वर्ल्ड सिरीजची अंगठी दाखवत होतो. रक्षक म्हणाला, तो प्यायलेला होता आणि मूठ उगारत होता. पुढे एलिसवरचा आरोप मागे घेतला गेला. अपमान खरा होता, त्यात वर्णाचा भाग होता याबद्दल मला शंका नाही. पण प्यायलेला असण्याची शक्यताही खरी होती. एक गोष्ट कबूल केली की दुसरी खोटी ठरेल, अशी सगळ्यांची धारणा. त्याच्या बाजूची माणसं व्यसनाचं नाव काढत नव्हती, कारण ते हत्यार विरोधकांच्या हातात गेलं असतं. विरोधकांना त्याचं व्यसन बरं करण्यात रस नव्हता, त्याला गप्प करण्यात होता.

1973 मध्ये सरावाच्या वेळी तो केसांना कर्लर लावून मैदानात येऊ लागला. काळ्या अमेरिकनांच्या 'एबनी' मासिकात त्याच्या केशरचनेवर लेख आला. लीगचे आयुक्त बोवी कून यांच्याकडून निरोप आला : कर्लर नकोत. ज्या वर्षी तो गोळ्यांशिवाय चेंडू टाकू शकत नव्हता, त्या वर्षी वरिष्ठांनी दखल घेतली ती त्याच्या केसांची.

समोर असलेले मार्ग

संघव्यवस्थापनापुढे काय काय होतं? काहीच न करणं, हा एक मार्ग. शिस्तीचा बडगा, दुसरा. त्याला विकून टाकणं, तिसरा. आणि उपचार. पहिले तिन्ही वापरले गेले, त्याच क्रमाने. 1 मे 1974 ला त्याने सिनसिनाटीविरुद्ध ठरवून पहिल्या तिन्ही फलंदाजांच्या अंगावर चेंडू मारले. पीट रोझ, जो मॉर्गन, डॅन ड्रिसेन. चौथ्यालाही नेम धरला, पाचव्याच्या डोक्याजवळून चेंडू गेले, तेव्हा त्याला मैदानाबाहेर बोलावलं. ऑगस्ट 1975 मध्ये राखीव पिचर म्हणून बसायला त्याने नकार दिला आणि बैठकीत व्यवस्थापक डॅनी मर्टॉ यांना सर्वांसमोर सुनावलं. दंड, निलंबन. डिसेंबर 1975 मध्ये त्याची न्यूयॉर्क यँकीजकडे रवानगी झाली.

चौथ्या मार्गाचा विचार झाला नाही याचं कारण केवळ बेपर्वाई होती असं मी म्हणणार नाही. त्या काळच्या क्लबांकडे खेळाडूंच्या व्यसनावर उपचाराची घडी बसवलेली व्यवस्था नव्हती. 1975 अखेरपर्यंत खेळाडू करारातल्या जुन्या कलमामुळे क्लबला जखडलेला असे. मालमत्तेची डागडुजी लोक मोडल्यावरच करतात.

आणि ती मोडत नव्हती, हेच दुर्दैव. यँकीजकडून 1976 मध्ये तो 17 सामने जिंकला, अमेरिकन लीगच्या पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला. व्यसनाच्या भाषेत याला मी पांघरूण म्हणेन, आणि ते यशाने घातलेलं होतं. ओकलंड, टेक्सास, न्यूयॉर्क मेट्स आणि 1979 च्या शेवटी पुन्हा पायरेट्स. मग हात थांबला.

घराच्या आत मात्र फार आधी मोडलं होतं. माहितीपटात त्याच्या माजी पत्नी बोलतात. नशेतल्या त्याच्या हिंसेबद्दल त्या ज्या शांतपणे सांगतात, ते ऐकून मी चित्रपट थांबवून काही वेळ नुसता बसलो होतो. बाहेर अन्यायाविरुद्ध उभा राहणारा माणूस घरात भीतीचं कारण होता. हे दोन वेगळे डॉक एलिस नव्हते.

काय केलं गेलं

1980 मध्ये, खेळ सुटल्यावर, तो अॅरिझोनातल्या विकेनबर्ग इथल्या 'द मेडोज' या केंद्रात 40 दिवस राहिला. यात डॉन न्यूकोम्ब यांची मदत मोलाची ठरली. न्यूकोम्ब म्हणजे डॉजर्सचे माजी पिचर, 1956 मध्ये सर्वोत्तम पिचरचा पहिला साय यंग पुरस्कार मिळवणारे. दारूने त्यांचंही सर्व काही नेलं होतं. सोबर झाल्यावर ते संघोसंघी जाऊन खेळाडूंशी बोलत असत. त्याच 1980 मध्ये डॉजर्सचा बॉब वेल्च आणि कॅन्सस सिटीचा डॅरेल पोर्टर याच केंद्रात दाखल झाले. पोर्टर तर न्यूकोम्ब यांचं बोलणं ऐकूनच. पोर्टरची गोष्ट 2002 मध्ये वाईट तऱ्हेने संपली, हेही सांगायला हवं.

इथे मला महत्त्वाचं वाटतं ते माणसाचं माणसाला भेटणं. न्यूकोम्ब काळे होते, पिचर होते, वर्णभेदाचे चटके त्यांनीही सोसले होते. एलिसचा राग त्यांना समजावून सांगावा लागला नसता. त्यामुळे त्याला आधी रागाचा बचाव करत बसण्याची गरज नव्हती, थेट बाटलीविषयी बोलता येत होतं. क्लबच्या डॉक्टरसमोर हे झालं असतं का? मला वाटत नाही.

परिणाम

तो सोबर राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत व्यसन समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, लॉस एंजेलिसमध्ये आणि पुढे तुरुंगांत काम केलं. यँकीजने त्याला आपल्या तरुण खेळाडूंसाठी बोलावलं. पास्क्वाल पेरेझसारख्या व्यसनाशी झगडणाऱ्या पिचरसोबत तो राहिला. तोंड तेवढंच चालू होतं, फक्त आता ते समोरच्याचं नाटक क्षणात ओळखून 'मला शिकवू नकोस, हे सगळं मी केलंय' असं सांगण्यासाठी कामी येत होतं.

शरीराने मात्र जुना हिशेब ठेवला होता. 2007 मध्ये यकृताच्या सिरोसिसचं निदान झालं. आरोग्यविमा नव्हता, बिलांसाठी बेसबॉलमधले जुने मित्र धावून आले. यकृत प्रत्यारोपणाची आशा होती, पण हृदय त्यासाठी सक्षम उरलं नव्हतं. 19 डिसेंबर 2008 ला, वयाच्या 63 व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. सोबर होऊन तेव्हा 28 वर्षं झाली होती.

माहितीपटकाराचे निर्णय

रॅडिस यांचा चित्रपट आला तो एलिसच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. त्यामुळे तो स्वतः दिसतो, ऐकू येतो, ते जुन्या चित्रीकरणांतून आणि मुलाखतींतून. नावातलं 'नो नो' म्हणजे नो-हिटरच. प्रेक्षक किश्श्यासाठी येतात हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी किस्सा पूर्ण, रंगवून सांगितला आणि मग प्रेक्षकाला तिथून उठू दिलं नाही. सहकारी खेळाडू हसत हसत गोळ्यांच्या गोष्टी सांगतात. त्याच प्रेक्षकाला पुढे माजी पत्नींसमोर बसावं लागतं. ही रचना मला धाडसी वाटली. आधीच्या हसण्याची किंमत नंतर मोजावी लागते.

एक तक्रार आहे. घरच्या बायकांना आणखी वेळ मिळायला हवा होता. त्या बोलतात तेव्हा चित्रपट सर्वाधिक खरा असतो आणि तेवढ्यात तो पुढे सरकतो. आपल्याकडच्या केंद्रांत घरच्यांशिवाय उपचार पूर्ण झाले असं कोणी मानत नाही. इथे त्या साक्षीदार म्हणून येतात, त्यांच्या सावरण्याचं काय झालं ते कळत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शाळेच्या मुख्याध्यापकांना खेळ आणि मदत या दोन्ही गोष्टी एकदम देता आल्या असत्या : तू खेळ, आणि आठवड्यातून एकदा अमुक माणसाला भेट. यात फार काही लागत नाही. 1972 नंतर संघातला कुणी ज्येष्ठ काळा खेळाडू त्याला म्हणू शकला असता की सिनसिनाटीच्या दारात तुझ्यावर अन्याय झाला आणि तू रोज पितोस, दोन्ही मला दिसतंय. आणि न्यूकोम्बसारखा माणूस आठ वर्षं आधी दारात आला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण समुपदेशकांच्या गटात हे प्रकरण मांडताना मी सर्वांत जास्त वेळ देतो तो 1973 मधल्या एका प्रसंगाला. एका सामन्याआधी एलिसने ठरवलं की आज काहीही न घेता पिच करायचं. स्वतःहून, कोणी न सांगता. आम्ही ज्या क्षणाची रुग्णाच्या आयुष्यात वर्षानुवर्षं वाट पाहतो, तो हाच. तो सरावाला उभा राहिला, चेंडू हातात घेतला आणि हात कसा फिरवायचा तेच त्याला आठवेना. लहानपणापासून टाकत आलेला चेंडू. शुद्धीत असताना त्याचं शरीर ते करायला विसरलं होतं. तो ड्रेसिंग रूममध्ये परतला, लॉकर उघडलं, कॉफीच्या घोटाबरोबर गोळ्या घेतल्या आणि मैदानात येऊन पिच करू लागला.